अक्काच्या बाटलीतल्या गोळ्या

१२ जानेवारी
जळगावला दोघांची दुर्बीण झाली. माझ्या आतड्यातल्या गाठी निम्म्यावर. अक्काच्या वाढल्या. आबांकडून आलेला आजार दोघा भावंडांना सारखाच. या नव्या औषधाच्या चाचणीत खरं औषध कोणाला अन् नुसती पिठाची गोळी कोणाला, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. मला कळलंय. पहिल्या महिन्यापासून माझं तोंड आलेलं, तिला काहीच नाही.
चाचणीआधी ती तर ऑपरेशनला तयार होती. मीच म्हणालो, थांब, नवीन औषध आलंय. खरं म्हणजे एकट्यानं चाचणीत जायची मला भीती वाटत होती.

१५ जानेवारी
तिळगूळ घेऊन धुळ्याला गेलो. अक्का चहा ठेवायला आत गेली, तेवढ्यात गोळ्या बदलल्या. तिच्या बाटलीत माझ्या, माझ्यात तिच्या. दिसायला सारख्याच. विचारलं असतं तर तिनं घेतल्या नसत्या. दुसरा चहा नको म्हणून निघालो. नशिराबादला घरी पोचेपर्यंत कुठे थांबलो नाही.

४ फेब्रु.
अक्काचा फोन. तोंड आलंय, भाजी झोंबते. मला आनंद झाला. बहिणीच्या तोंडात फोड, अन् मला आनंद.

१९ फेब्रु.
तिचे डोळे पिवळे. भाऊजींनी जळगावला आणलं. लिव्हरला सूज. डॉ. चक्रावलेत, इतके महिने काही नाही अन् आता एकदम? बाहेरचं काय घेतलं, सारखं विचारतात. भाऊजीही म्हणाले, कोणाची तरी जडीबुटी घेतली असेल, लपवतेय. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काहीच दपाडं नही, भाऊ. तू तरी सांग त्यास्ले."
मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेलो.

२० फेब्रु.
डॉ.ना सांगितलं. ओरडले नाहीत. काल का नाही बोललात, एवढंच. मग वरून परवानगी काढून कोणाला काय दिलं होतं ते पाहिलं, खरं औषध माझंच होतं. दोघंही चाचणीबाहेर. ती सावरली की तिचं ऑपरेशन, मग माझं. "बहिणीला तुम्हीच सांगा. दोन दिवसांत. नाहीतर मी सांगेन."

२२ फेब्रु.
पिवळेपणा तसाच. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी येईल. सांगायचं ठरवूनच तिच्याजवळ बसलो. तिनंच माझा हात धरला. कालपासून तिला कोणी उलटसुलट विचारत नाही म्हणे.
"तू बोलना म्हनीसन त्यास्नी ऐकं."
मी नुसतं हं म्हणालो. डॉ. राऊंडला निघालेत, दोन खाटा सोडून उभे आहेत.