कोलंबोचा बारीक दाणा

६ जानेवारी

बारीक दाणा पाडा म्हणे! मला!

ज्योत्स्ना मॅडम आमच्या चीफ केमिस्ट. सकाळी लॅबमध्ये बोलावून त्यांनी ऑर्डर वाचून दाखवली. कारखान्याची पहिली परदेशी ऑर्डर – कोलंबोची बिस्किट कंपनी. दाणा बारीक हवा, एकसारखा हवा. मी म्हटलं, मॅडम, हा तर रवा झाला. दोंडाईच्याच्या दुकानात गिऱ्हाईक आपली साखर टपोरा दाणा बघून मागतं. बारीक दाणा म्हणजे पाक शिजवणारा पॅनमन कच्चा, हे मी पॅनवर हाताखालचा खलाशी होतो तेव्हापासून ऐकत आलोय. सातवी पास माणूस मी. पाक दाणा कधी धरतो हे मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो.

त्या हसल्या. "लोटनभाऊ, बिस्किटात मोठा दाणा विरघळत नाही. आणि ते लोक आपल्याला बांधलेले नाहीत. उद्या थायलंडची साखर घेतील."

हेच डोक्यात घोळतंय. सरकारने साखरेची निर्यात मोकळी केली म्हणजे आपल्याला जायला वाट मोकळी, एवढंच मी धरून चाललो होतो. गिऱ्हाइकालाही आपल्याला सोडून जायला मोकळीच की.

मॅनेजर साहेब म्हणाले, ऑर्डर पार पडली तर कारखाना भाड्याने घेतलेली कंपनी तो पुढेही चालवेल. नाही तर हंगाम संपला की कुलूप. मागच्या वेळी कुलूप लागलं तेव्हा मी पारोळ्याला हॉटेलात जिलबीचा पाक करत होतो. पुन्हा ते नको.

७ जानेवारी

रत्नाला सांगितलं. चहा ढवळत म्हणाली, "मला तर बारीकच आवडते. लवकर विरघळते." लग्नाला इतकी वर्षं झाली, आजवर बोलली नाही!

९ जानेवारी

पॅन चुकला. नाही – पॅन चुकला नाही. नीट लिहायला हवं.

पाक शिजतो त्या बंद पॅनमध्ये दाणा धरला की त्याला पाक पाजत राहायचं. जितका पाजाल तितका तो वाढतो. मधून मधून नमुना काचेवर घ्यायचा, उजेडात धरायचा. आज दाणा हवा तेवढा झाला होता. मला स्वच्छ दिसत होतं. पॅन सोडायची, म्हणजे झडप उघडून माल खाली घ्यायची वेळ तीच. पण हात थांबेना. ते कण कसे अर्धवट वाटत होते – असा माल माझ्या हातून जाणार? थोडा पाक पाजला. अजून थोडा. मग सोडला. चाळणीवरून उतरला तो सगळा टपोरा, काचेसारखा. बघत राहावा असा. कोलंबोला कवडीच्या उपयोगाचा नाही.

मॅडम आल्या, मागोमाग साहेब. काय झालं म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं – पॅनमधला व्हॅक्यूम कमी होऊन पडत होता, पॅन वेळेवर सोडता आला नाही.

व्हॅक्यूम पडत नव्हता.

१० जानेवारी

माझ्या शब्दावर पॅनमधली हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप खोलला. पंप छगनच्या ताब्यात. छगन फिटर, कंत्राटावर, माझ्याच गावचा. दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवतो. त्याची मुलगी भाविका धुळ्याला नर्सिंग शिकतेय.

गाळप बंद. फाटकापर्यंत उसाच्या गाड्या. एक गाडीवाला ओरडून म्हणाला, साखर राहू द्या आता, रसवंती टाका! सगळे हसले. मी पण हसलो.

छगनला काही सापडलं नाही. सापडणार काय? ग्रीसने माखलेले हात पुसत माझ्याकडे आला. "बठ्ठा पंप खोली दखा भाऊ. काहीच नई शे." मी म्हटलं, मला तर पडलेला दिसला. त्याने चाळणीखालची साखर मुठीत घेतली, तळव्यावर पसरली, बराच वेळ बघितली. म्हणाला, "तुम्ही सांगतस तं व्हई."

११ जानेवारी

साहेबांनी छगनला कामावरून कमी केलं.

आत्ता खरं सांगितलं तर मला पॅनवरून उतरवतील. हा दाणा पाडू शकेल असा दुसरा पॅनमन इथे नाही. ऑर्डर जाईल, मग सगळ्यांचंच जाईल. माल जहाजावर चढला की सांगेन. विचार बरोबर आहे. पण तो मला किती लवकर सुचला!

१४ जानेवारी

संक्रांत. छगन घरी तिळगूळ घेऊन आला, दरवर्षीसारखा. मी नजर चुकवत होतो. रत्नाने कामाचं विचारलं तर म्हणाला, बघतोय, गुजरातेत एका कारखान्यात शब्द टाकलाय. माझ्यावर एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी

बारीक दाणा पडला. आजचे सगळे पॅन बरोबर. वेळ आली की डोळे मिटून झडप उघडतो.

२० जानेवारी

कंटेनर गेले. बंदरावर नमुना तपासणार. नापास झाला तर छगनही गेला आणि ऑर्डरही.

२१ जानेवारी

काही कळलं नाही.

२३ जानेवारी

अजून नाही. मॅडमच्या केबिनवरून उगीच चार चकरा मारल्या.

२६ जानेवारी

माल पास! झेंडावंदनानंतर साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला. तो सायकलच्या हँडलला अडकवून घरी आणला. उद्या सांगतो. उद्या नक्की.

२७ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. व्हॅक्यूम पडला नव्हता, माझा हात थांबला नव्हता, छगनचा काही दोष नाही. मग म्हणाल्या, "व्हॅक्यूम पडला की दाणा लहान-मोठा होतो. इतका एकसारखा येतो का, लोटनभाऊ? छगनलाही तो बघूनच कळलं. पंप खोलला त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला होता. म्हणाला, पंप मीच सैल ठेवला असं साहेबांना सांगा, पण भाऊला पॅनवरून हलवू नका. आणि मी तसं सांगितलं."

मग त्यांनी पुढच्या ऑर्डरचा कागद माझ्यापुढे सरकवला.