संशोधनाला दिलेलं डोकं

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून मी, यॉ आसाबेरे, संशोधक. हॉस्पिटलात चादरी बदलायचं काम चालूच. पण दर मंगळवारी डॉक्टर अफ्रियी बाई माझं डोकं एमआरआयच्या यंत्रात घालणार. मेंदूत कोणतं रसायन कुठे किती, याचा नकाशा काढायचाय. फॉर्म दिला होता. त्यातल्या स्पेलिंगच्या चार चुका दुरुस्त करून, सही करून परत दिला. बाकी मजकूर वाचायला वेळ नव्हता.
जाण्याआधी डोक्याला शिया बटर, म्हणजे शियाच्या बियांचं लोणी, चोळलं. फोटो निघणार, तर कोरडं डोकं बरं दिसत नाही.

११ मार्च
चाळीस मिनिटं हललो नाही. थुंकीसुद्धा विचार करून गिळली. तरी नकाशाभर पांढरे पट्टे. बाई म्हणाल्या, चरबीचा सिग्नल आत झिरपतोय, तो काढून टाकणारा प्रोग्राम लिहिते. यंत्र चालवणारा न्यार्को म्हणाला, यॉ, कवटीत फुफूचा लगदा भरलाय का रे? दुर्लक्ष केलं.

१८ मार्च
जिच्याशी लग्न करायचंय त्या सेरवाच्या घरी सांगितलं, बाईंच्या शोधनिबंधात माझं नाव छापून येणार. बाई तसं म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत. सेरवाचे मामा निवृत्त हेडमास्तर. तिच्या लग्नात शब्द त्यांचाच. म्हणाले, नववी नापासाला भाची देत नाही. छापलेला कागद आण, मग मागणी घाल. मागणी घालताना मुलीकडच्यांना द्यायची श्नॅप्स दारूची बाटली आजच आणून ठेवली.

८ एप्रिल
पट्टे वाढले. बाईंनी प्रोग्राम चौथ्यांदा लिहिला. दया आली. आपल्याकडून मदत म्हणून शिया बटर दुप्पट लावलं.

२२ एप्रिल
विश्वासघात. यंत्रात माझ्या जागी बाटली! रसायनांचं पाणी भरलेली, प्लास्टिकची. न्यार्को म्हणाला, साहेब, ही हलत नाही, गिळत नाही, आणि बघा, एक पट्टा नाही. 'साहेब' मुद्दाम.
बाईंनी विचारलं, यॉ, डोक्याला काही लावतोस? ताठ मानेने सांगितलं, अस्सल शिया बटर, उत्तरेतल्या तामालेहून मागवलेलं. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, सात आठवडे, यॉ. डोक्याला काही लावू नये, असं फॉर्मवर लिहिलं होतं रे.
म्हणजे माझी सात आठवड्यांची सेवा त्यांच्या लक्षात आहे. तरी यंत्रातली बाटली काढली नाही.

१२ ऑगस्ट
निबंध छापून आला. आकृती तीन: माझं डोकं, अर्धं पानभर! इतरांची डोकी सुपारीएवढी. पण नाव नाही. आभार न्यार्कोचे. बटण दाबतो तो! शेवटी मीच आकृतीला बाण काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'हे मी. यॉ आसाबेरे.' आकृतीखाली छापलेल्या ओळीचं स्पेलिंग तपासलं. निर्दोष.

१६ ऑगस्ट
मागणी घालायला गेलो. दोन्हीकडची माणसं जमली होती. मामांनी चष्मा लावला आणि ती खालची ओळ मोठ्याने वाचली: 'डोक्याला फासलेल्या चरबीमुळे पूर्ण वाया गेलेला नकाशा.' मग बाण वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बाबा, छापलंय खरं.
सेरवा हसू दाबायला आत गेली. बाहेर आली नाही.
मामांनी श्नॅप्सची बाटली परत दिली. खचाखच भरलेल्या ट्रोट्रो मिनीबसमध्ये मांडीवर धरून आणली. अजिबात हलली नाही.