दसऱ्याचा झेंडू कुणी लावायचा

आत्याबाई, तुमच्यामागं मळ्यातल्या बायांचं मंडळ मोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. मोडलं नाही. आता त्याची अध्यक्ष मी आहे. हसू नका.

आधी आपण सगळ्याजणी दसरा धरूनच झेंडू लावायचो, एकाच सकाळी फूलबाजारात ओतायचो आणि भाव पडला की एकमेकींच्या नावानं बोटं मोडत घरी यायचो. मग एका जेठात, रोपं टाकायच्या आधी, तुम्ही सगळ्यांना आपल्या स्वयंपाकघरात बसवलंत. तुम्ही भाकरी थापताय, आणि तव्यावरची नजर न काढता वाटणी सांगताय. हिनं गणपतीला येईल असा झेंडू, हिनं दसऱ्याचा, हिनं लग्नसराईसाठी मोगरा. बारा महिने आपलं फूल दिसलं तर व्यापारी आपल्याला विचारील, एका दिवसाच्या गर्दीत कोण ओळखतं, असं तुमचं म्हणणं. मी वाट बघत होते. दसरा मलाच मिळणार, घरची सून ना मी! तर म्हणालात, "तू शेवंती लाव. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना."

"आन् दसऱ्याला मी काय आपट्याची पानं विकू?"

"विक की. तोंड चालतंच हाय, गिऱ्हाईक लय येतील."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आणि नेमका त्या दसऱ्याला बाहेरगावचा झेंडू पावसानं सडला, आपल्याकडच्या झेंडूला सोन्याचा भाव आला. शेजारीण बांधावरून विचारते, "वहिनी, तुमच्यात नाय का लावला यंदा?" मी घरात येऊन भांडी आपटली. म्हटलं, मंडळ घाला चुलीत, मी निघाले त्यातून.

तुम्ही शांतपणे मेथी निवडत होता. "पंगतीत घरची माणसं कधी बसतात गं?"

"शेवटी."

"मग? तुला आधी वाढलं असतं तर बाकीच्या उठून गेल्या नसत्या का?"

मी मार्गशीर्षापर्यंत तुमच्याशी बोललेच नाही. पण खरं होतं ते. ज्यांच्या वाट्याला दसरा आला नव्हता त्या कुरकुरायला तोंड उघडायच्या आणि माझ्याकडं बघून मिटायच्या. पुढच्या वर्षी वाटण्या फिरल्या, मंडळ राहिलं. आता नवरात्रात आपला टेम्पो फुलं घेऊन वणीच्या देवीला जातो, आणि व्यापारी लावणीच्या आधीच विचारायला दारात येतो.

यंदा जेठात वाटणी मी केली. माझी सून दसऱ्यावर डोळा ठेवून बसली होती. तिला शेवंती दिली. बाकीच्यांनी मुकाट्यानं आपापलं घेतलं. मंडळाची काळजी नाही. सून मात्र चहाचा कप माझ्यापुढं आदळते आणि निघून जाते. काल तिच्या भाकरीवर जरा जास्त तूप वाढलं, तर तिनं ते ताटाच्या कडेला सारलं. माझ्या अबोल्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही, असं मी तेव्हा धरून चालले होते. मला तर आठवड्यातच घास उतरेना झालाय. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून विचारते, आत्याबाई, तुम्ही तेव्हा जेवत होता का?