प्लगचा रंग बिस्किटी हवा

मंगळवार, ४ मार्च
लिहायला बसण्याचे कारण एवढेच, की लेकीने रविवारची मुदत दिली. हे गेल्यापासून त्यांची टू-स्ट्रोक स्कूटर पोर्चमध्ये उभी आहे. म्हणाली, आई, रविवारी नीट चालली तर ठेव, नाहीतर मी गिऱ्हाईक ठरवलंय. म्हटले, चालेल. मला त्या स्कूटरचे काही नाही. दुरुस्त होणारी वस्तू मोडीत काढणे पटत नाही, इतकेच. मी केमिस्ट्रीची पदवीधर. निरीक्षण त्याच दिवशी लिहावे.
किक मारमारून सुरू झाली. अडखळते. धूर फार.

बुधवार, ५ मार्च
तत्त्व सोपे आहे. पेट्रोल जास्त आणि हवा कमी, तर प्लगचे टोक काळे. पेट्रोल कमी, तर पांढरे, आणि इंजिन तापून जाम. मधला बिस्किटी रंग बरोबर.
ह्यांची पद्धत मला पाठ आहे, मागच्या सीटवर जन्म गेला. मोकळ्या रस्त्यावर फुल रेस, तिथेच इंजिन बंद, कडेला बसून प्लग काढायचा. हळूहळू घरी आणली तर काजळी धरते, खोटा रंग दिसतो, म्हणत. मग प्लग उजेडात धरून मला दाखवायचे, बघ, बिस्किट! मी म्हणायची, अहो, उठा, लोक बघताहेत.
काजळी हा बहाणा. त्यांना कडेला बसायला आवडायचे, दुसरे काय.
मी सुधारणा केली. फुल रेस रस्त्यावर, तपासणी घरी, पोर्चमध्ये स्टूल टाकून.
प्लग काळा.

गुरुवार, ६ मार्च
गॅरेजवाल्याकडून कार्ब्युरेटरचा बारीक जेट आणला. भोक लहान, पेट्रोल कमी जाते. त्याने विचारले, काकू, प्लग वाटेतच बघितलात ना? म्हटले, या वयात पाना घेऊन रस्त्यावर बसू? त्याने जेट कागदात गुंडाळून दिला. पटले असावे.
जेट बसवला. फिरवून आणली. प्लग काळा.
जेवण झाले. काय केले होते, लक्षात नाही.

शुक्रवार, ७ मार्च
आणखी बारीक जेट. प्लग तसाच. मात्र रस्त्यावर इंजिनाचा आवाज टणटणीत. शेजारीण म्हणाली, वहिनी, भाऊजींची गाडी अशी किंचाळत नव्हती हो. म्हटले, आता कुठे तिचा घसा मोकळा झालाय. प्रगती निश्चित.
लेकीचा फोन. रडतेस का, विचारत होती. रडायला वेळ कुठे आहे, जेट बदलते आहे.

शनिवार, ८ मार्च
दुकानातला सर्वांत बारीक जेट. प्लग काळाच. दोष प्लगचा असणार, मिश्रणाचा नव्हे. प्रश्न सुटला, असे लिहून ठेवते. उद्या लेकीला मागे बसवून फुल रेस. मग बोलू दे गिऱ्हाइकाबद्दल.
त्यांच्या हेल्मेटचा पट्टा मला सैल होतो. आवळला नाही.

रविवार, ९ मार्च, सकाळ
लेक मागे. मोकळा रस्ता. फुल रेस. झाडांपाशी पोचतो तोच मागचे चाक एकदम जाम. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. इंजिन गेले.
कडेला बसले. डिकीतून पाना काढला, प्लग काढला. खडूसारखा पांढरा.
उजेडात धरून लेकीला दाखवला. ती म्हणाली, आई, ऊठ ना, लोक बघताहेत.
थोडा वेळ बसले.

रविवार, संध्याकाळ
गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिले ते असे: स्कूटर, इंजिन जाम. किल्ल्या, दोन्ही. कागदपत्रे. पाना. जेट, सगळे. हेल्मेट, पट्टा सैल.
प्लग त्याने मागितला नाही. दिला नाही.
पोर्च धुऊन घेतला.