आठ दिवसांचं अंजन

आई,

तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुझी नात आता अकरावीत आहे. ताप आला की तिचे डोळे अजून क्षणभर थरथरतात, एरवी सायकलवर कॉलेजला जाते. परवा तिनं विचारलं, "आजीनं माझ्या डोळ्यांत काय घातलं होतं गं?" आमच्या घरात ती गोष्ट अशीच सांगितली जाते.

ती दीड वर्षाची होती. सातपूरच्या खोलीत एका सकाळी तिचे डोळे नाचायला लागले. वर, खाली, आडवे, कसेही, झोपेत पापणीआडसुद्धा. हात कापायचे, बसवलं की कलंडायची. तू पेठहून दुपारच्या एसटीनं आलीस, पिशवीत घेटुळीचं मूळ घेऊन. गावात कुणाचे डोळे आले की लोक तुझ्याकडेच यायचे आणि तू ते मूळ मधात उगाळून अंजन करायचीस. माझेही डोळे लहानपणी तूच बरे केलेस. पोरीला मांडीवर घेऊन, तिचं तोंड उजेडाकडे करून तू बराच वेळ पाहत राहिलीस. मग मूळ परत पिशवीत टाकलंस.

"डोळा साफ हाय. हे आतलं काय तरी हाय. माझ्या मुळानं नाय व्हायचं. डॉक्टरला दाखव."

मी हो म्हणाले. पण डॉक्टर काय सांगतील याची मला इतकी भीती वाटत होती की तू परत जायच्या आधी मी तुझ्या पिशवीतून ते मूळ काढून घेतलं. घरी सांगितलं, आईनं औषध दिलंय, थोडं थांबू. आठ दिवस, हे पहिल्या पाळीला गेले की मी सहाणेवर मूळ उगाळते आहे, ती रडते आहे, आणि मी तिचं डोकं गुडघ्यांत धरून अंजन घालते आहे. नवव्या दिवशी तिला मान सावरेना.

दवाखान्यात तपासणीत पोटात गाठ निघाली. डोळे नाचत होते ते त्या गाठीपायी. डोळ्यांत दोष नव्हताच. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? हे म्हणाले, हिच्या आईनं झाडपाला दिला. निरोप मिळताच निघून आलेली तू दारातच उभी होतीस. माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं.

"चुकलं माझं," तू म्हणालीस.

ऑपरेशन झालं, मग कित्येक वर्षं इंजेक्शनं. हे तुझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. तू वॉर्डाबाहेर बसायचीस, पोरीचे कपडे धुवायचीस. शेवटपर्यंत मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

परवा मी पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि बाबांना?" सांगते, मी म्हणाले. तेव्हापासून तीन वेळा यांच्यासमोर जाऊन बसले, आणि उठले. तुला लिहिणं सोपं आहे, आई. तू तेव्हाही मला काही बोलली नव्हतीस.