ऐंशी लिटरचा हंडा

वोस,
१७ ऑक्टोबर १९५७

सौ. रान्वेगताईस,
सा. न. वि. वि.

परवा मंगळवारी मी सफरचंदांच्या पाट्या उतरवत असताना तोर्गिल्सकाका कुंपणाशी थांबले, आणि त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. मी टोपी काढून त्यांच्या गुन्वोरला सरळ मागणीच घातली. काका म्हणाले, कॉलेज अर्ध्यावर टाकून आलेल्याला मुलगी कशी देऊ? मग आपणहून म्हणाले, बापाच्या माघारी यंदा नाताळची बिअर तूच काढणार ना? एकट्याने काढ. पिंप उघडायच्या दिवशी येतो. दुसरा वाडगा मागावासा वाटला तर पुढचं बोलू.

तेव्हापासून जेवण जात नाही. गुन्वोर गाई घेऊन वळणावर दिसली की हातातलं काम टाकून बघत राहतो, नाही दिसली तर जीवच जातो. बर्गनचं कॉलेज मी कोणापायी सोडलं हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

अडचण हंड्याची आहे. बाबांचा दीडशे लिटरचा तांब्याचा हंडा बुडाला फाटलाय. तांबट म्हणतो, डाग दिला तरी टिकणार नाही. नवा केवढा घ्यावा? आई म्हणते, होता तेवढाच. मी म्हटलं, आपलं पिंप पंचाहत्तर लिटरचं, मग हंडा दुप्पट कशाला? ऐंशीचा पुरे, वरचे पाच उतू जायला. त्यावर ती म्हणाली, तुझे बाबा काही वेडे नव्हते. पण का, ते तिलाही सांगता येईना. आपल्याकडे बिअरीची चूल पुरुषांची, आणि मला तर बाबा दरवेळी बिअरीच्या पाण्यात वासाला घालायच्या जुनिपरच्या फांद्या तोडायला रानात पिटाळायचे. तुला काही आठवत असेल तर लगेच कळव. दाजींना नमस्कार, चि. ओड्नीला पापा.

तुझ्या लोभावर तगून असलेला,
आस्लाक


स्टाव्हांगर,
१ नोव्हेंबर १९५७

चि. आस्लाकला,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आज कुठे मिळालं, कारण पाकिटावर तू आमचा जुना पत्ता घातला होतास. प्रेमात पडलेल्याने निदान पत्ता तरी दुसऱ्याकडून लिहून घ्यावा.

हंडा घेतला नसशील तर थांब! बाबा दीडशे लिटर भरायचे आणि चार तास उकळायचे. निम्म्याची वाफ व्हायची. जवाचा रस आटून काळपट तांबडा झाला की मगच आग ओढायचे. लाकडं द्यायला ते मला उभं करायचे, म्हणून मला माहीत. ऐंशीच्या हंड्यातून तुला चाळीसच मिळेल. घेतलाच असशील तर चाळीसच काढ, नाहीतर दोन दिवस दोनदा चूल पेटव. पण उकळी तोडू नकोस.

दाजी म्हणतात, मेहुण्याचं डोकं हंड्याच्या आधी तापतं, तेच चुलीवर ठेवा. मी हसले खरी, पण तुझी काळजी वाटते. आईला एकटीला जेवायला बसवू नकोस.

माया आहेच, ती पत्रातून मोजू नकोस.
तुझी ताई


वोस,
९ डिसेंबर १९५७

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा नवा हंडा घरात येऊन बसला होता. पत्र मी वाचलं. वाचलं नाही असं खोटं लिहीत नाही.

शनिवारी पिंप उघडायला या म्हणून सगळ्यांना सांगून बसलो होतो. चूल पेटवली बुधवारी, आंबायला तीन दिवस हवेत, दोनदा पेटवायला दिवस उरला नव्हता. आणि चाळीस लिटर? सोळा शेजारी, त्यात तोर्गिल्सकाका, आणि अर्ध्या पिंपावर मी मागणी घालायची? अर्ध्या तासातच आग ओढून काढली. पिंप काठोकाठ भरलं. म्हटलं, कोणाला कळतंय.

पहिला वाडगा काकांच्या हातात दिला. ते त्यात बघतच राहिले. म्हणाले, अरे, तळाला कोरलेलं तुझ्या आज्याचं नाव वाचता येतंय की! एक जण म्हणाला, वासरांना मानवेल. दुसरा वाडगा एकानेही पुढे केला नाही, ताई. सोळातल्या एकानेही नाही. मग काका सावकाश म्हणाले, कॉलेज अर्ध्यावर, उकळी अर्ध्यावर, उद्या माझी पोरही अर्ध्यावर सोडशील. गुन्वोर दारातच उभी होती.

मी पेटलो. पिंप लाथेने आडवं केलं. वरचं यीस्ट काढून बादलीत ठेवलेलं होतं, तेही अंगणात भिरकावलं. वाळवून ठेवलेलं जुनं सगळं याच खेपेला घातलं होतं. पणजोबांपासून दर वर्षी पुढे आलेलं आपल्या घरचं विरजण बर्फावर पिवळा डाग होऊन पडलं. आईने बादली उचलली, धुतली, पालथी घातली.  

लोभ उरला असेल तर ठेव.
आस्लाक


वोस,
११ डिसेंबर १९५७

आस्लाक यास,
स. न.

हे तुझ्या आईच्या हाती देतेय, फाडू नकोस.

ऐंशीच्या हंड्यातून खरी चाळीस लिटर काढली असतीस तर बाबांनी दुसरा वाडगा मागितला असता आणि तो मी भरला असता. कॉलेज सोडताना तू मला विचारलं नाहीस. मागणीही कुंपणाशी बाबांना घातलीस, मला नाही. आता न विचारताच मी उत्तर देते: नाही. नवं वर्ष लागलं की मी बर्गनला परिचारिकेचं शिकायला जाईन. माझ्यामागे येऊ नकोस.

एक गोष्ट मात्र ऐक. आमच्या घरचं यीस्ट मूळ तुमचंच आहे. आमचं नासलं त्या वर्षी बाबा तुमच्या दारी मागायला आले आणि तुझ्या बाबांनी वाळकं काढून दिलं. रीत तुला ठाऊक आहे, यीस्ट कोणी पाठवत नाही, मागायला स्वतः यावं लागतं. बाबा बोलतील, भरपूर बोलतील, आणि देतील. नाताळला तुझ्या आईच्या पुढ्यातला वाडगा रिकामा राहू नये, एवढंच.

शेजारधर्म राहू दे,
गुन्वोर


वोस,
१३ डिसेंबर १९५७

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गुन्वोरचं पत्र सोबत पाठवतोय. मी सहा वेळा वाचलं. कुठूनही वाचलं तरी ‘नाही’ ते नाहीच. माझ्याकडे ठेवलं तर सातव्यांदा वाचीन.

मरावंसं वाटतं, पण माझ्या मयताला काढायच्या बिअरीलासुद्धा घरात विरजण नाही. गावात मला बघून माणसं बोलायची थांबतात. आईने काल चाळीस लिटरपुरतं मोड आणलेल्या जवाचं माल्ट दळून ठेवलं. कोण काढणार, हे विचारलं नाही. रात्री हंडा घासायला घेतला होता, तो मी तिच्या हातून घेतला.

तोर्गिल्सकाकांकडे जायचं म्हणजे दार बहुतेक गुन्वोरच उघडेल. तिचा बाप बोलेल, ती ऐकेल, आणि मी टोपी हातात धरून यीस्टसाठी बरणी पुढे करायची. याला कोणी धीर म्हणू नये. मला आता कसलीच आशा नाही, आणि गुन्वोर मिळावी म्हणून जात नाहीये. ते संपलं.

माझा मला लोभ राहिलेला नाही, तुझा तेवढा असू दे.
आस्लाक

ता. क. दुपारचे दोन वाजलेत. अजून उजेड आहे, जाताना सगळ्यांना दिसेन. दिसू दे. बरणी कोटाच्या खिशात घातली, पत्र वाटेत पेटीत टाकीन. आईला हाक मारत नाही. बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.