दार नसलेलं विमान

देऊळघाट,
१२ डिसेंबर २०२४

ती. शालूवहिनींस,

गोविंदाचा नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. धामणगाव बढ्याला भावाकडे सगळे बरे असतील. इकडे तूर शेंगेवर आहे. मायला कमी दिसतं, पण जीभ अजून तशीच आहे.

निवृत्त झाल्यापासून मला नवा नाद लागलाय, हसू नका. प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून विमानं करतो. पहिलं डाकोटाच केलं. ज्ञानूदादा फौजेत असताना त्यातूनच डोंगरावरच्या चौक्यांना रसद टाकायचा ना! वीतभर विमान, पण खरा रंग कोणता म्हणून महिनाभर जुने फोटो धुंडाळले, फोटोतली माणसं शोधली आणि ती सांगतील ते लिहून काढू लागलो. दादावर पुस्तक होतंय, वहिनी. निबंध म्हटला की रडणारा मी!

फक्त शेवटचं प्रकरण अडलं होतं: दादा विमानातून पडला कसा?

मागच्या आठवड्यात विमान घेऊन वडनेर भोलजीला हिंमतरावांकडे गेलो. ते दादाच्याच तुकडीतले. विमान बघताच ओरडले, "दार काऊन लावलं बे? पोते ढकलाचे राह्यले की दार खालीच काढून ठेवत होतो आम्ही. ज्ञानू उघड्यातच उभा होता. विमानाले हिसका बसला, अन् गेला."

मी तिथंच रडलो. दादा गेला तेव्हा मी शाळकरी होतो, पण मायचे शब्द विसरलो नाही. तिनं विमान कधी पाहिलेलं नव्हतं, तिला एसटीचं दार माहीत. "कडी लावलेलं दार आपोआप कसं उघडीन? बायकोशी भांडून गेला, त्यानंच उडी टाकली," असं ती चारचौघांत म्हणाली. त्याच दिवशी तुम्ही हे घर सोडलं.

घरी येऊन मी दार उपटलं आणि विमान मायच्या हातात दिलं. तिनं मोकळ्या जागेत बोट घातलं.

"कडी कुठी हाय?"

"कडी नव्हती माय. दारच नव्हतं."

बराच वेळ ती बोट तिथंच फिरवत राहिली. मग म्हणाली, "शालूले लिव. पण माफी कशी लिवतेत रे?"

मलाही येत नाही, वहिनी. दादानं उडी टाकली नाही, एवढंच मला नीट लिहिता येतं. ते प्रकरण तुम्ही वाचल्याशिवाय छापणार नाही. वाचायला इथंच या, आपल्या घरी.

तुमचा धाकटा दीर,
गोविंदा

खालचा अंगठा मायचा आहे. शाईत तिनं आपणहून बुडवला.